मुक्या जिवांची जोडी तोडावी काय?

एका माळकरी बंधूंनी पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे गाव दिंडीच्या वाटेवर आहे. दिंड्या पुढे गेल्या की मागे काही कुत्री राहतात. कुठल्या कुठल्या गावची असतात. कोणाच्या तरी मागे लागून, मुक्कामावरच्या भाकरीवर पोट भरीत चार-सहा मजला चाललेली असतात. पुढे कोठे तरी पाय दुखावतो, गर्दीत ओळखीचा माणूस हरवतो, आणि जनावर तेथेच राहते. यंदा त्यांच्या गावच्या धर्मशाळेपाशी अशी दोन राहिली. एक म्हातारी कुत्री. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडले आहे. दुसरा ऐन उमेदीतला कुत्रा. तो उठला की ती उठते, तो ज्या वाटेने जाईल त्या वाटेने त्याच्या अंगाला अंग लावून जाते. भाकरी टाकली तर पहिला तुकडा तो तोडतो खरा, पण तिला हुसकावीत नाही. रात्री दोघे पाठीला पाठ लावून निजतात.

आता गावातला एक मळेकरी त्या तरुण कुत्र्याला न्यायला तयार झाला आहे. माणूस चांगला, मळ्यावरच वस्ती, पोटाला कमी पडायचे नाही. म्हातारीला मात्र तो नको म्हणतो. "आंधळं जनावर घेऊन काय करू बुवा? राखण तिच्याच्यानं व्हायची नाही," असे त्याचे म्हणणे. पत्र लिहिणारे बंधू विचारतात, एकाचे कल्याण होत आहे ते आपण का अडवावे? आणि दिले, तर म्हातारीचे काय? शेवटी त्यांनी असेही लिहिले आहे की, माया कधी तरी तुटायचीच, मग कुत्र्यांच्या मायेचे एवढे काय घेऊन बसायचे, असे गावातले जाणते म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

प्रश्न कुत्र्यांचा आहे म्हणून तो बाजूला सारण्याजोगा नाही. दुसऱ्याचे भले करायला निघालेल्या माणसाने त्या भल्याच्या पोटी दुसऱ्याचेच काय काय मोडावे, असा हा प्रश्न आहे. तो घरोघरी, नात्यागोत्यातही येतो. म्हणून थोडा सावकाश विचार करू.

पहिली शंका अशी घेतली जाते की, कुत्र्यांत खरोखर माया असते काय? की ती केवळ सवय? शेतकरी माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. बैलजोडीचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. वर्षानुवर्षे एका जुवाखाली चाललेल्या दोन बैलांपैकी एक गेला तर दुसरा दावणीला उभा राहून वैरणीला तोंड लावीत नाही, नव्या जोडीदाराबरोबर पाय टाकीत नाही, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून जाणता माणूस चांगली जुळलेली जोडी अडचण असल्याखेरीज फोडून विकीत नाही.

कुत्र्यांविषयी अलीकडे शास्त्रीय पाहणीही झाली आहे. इटलीतील संशोधकांनी २०२२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या घरी एकाहून अधिक कुत्री होती व त्यांपैकी एक दगावले, अशा ४२६ जणांना त्यांनी विचारले. शेकडा ८६ जणांनी सांगितले की, मागे राहिलेल्या कुत्र्याचे वागणे बदलले. कोणी खेळेनासे झाले, कोणाची भूक कमी झाली, कोणी निजूनच राहू लागले, कोणी सारखे माणसाला चिकटू लागले. पुष्कळांच्या बाबतीत हे दोन महिन्यांहूनही अधिक काळ चालले. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, दोघे किती वर्षे एकत्र राहिली होती याच्याशी त्या दुःखाचा संबंध दिसला नाही. दोघांचे एकमेकांशी सख्य कसे होते, याच्याशी दिसला. आता ही पाहणी मरणाची आहे, ताटातुटीची नव्हे. आणि ती धन्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून केलेली आहे. धन्याला स्वतःला दुःख झाले की ते त्याला जनावरातही दिसते, हेही खरे. एवढे वजा केले तरी मुद्दा उरतोच. माया महिन्या-वर्षांच्या मापाने मोजता येत नाही. तेव्हा "दोघे वाटेतच तर भेटली असतील, तीन आठवड्यांची ओळख," असे म्हणून हा विषय उडविता येणार नाही.

आता गावच्या जाणत्यांच्या शंकेकडे वळू. ते म्हणतात, संतांनी मायेचा पाश तोडा म्हणून कंठरवाने सांगितले. आणि तुम्ही कुत्र्यांची माया जपायला निघालात, हे कसे? शंका वाजवी आहे. परंतु तिच्यात एक गफलत आहे. वैराग्य ज्याचे त्याने घ्यायचे असते. मी माझे घरदार सोडले तर ते वैराग्य. मी शेजाऱ्याचे घर मोडले आणि त्याला म्हणालो, "चला, तुमचा पाश तुटला," तर त्याला जगात कोणी वैराग्य म्हणणार नाही, लूट म्हणतील. आपण उपास केला तर ते व्रत होते. भुकेल्याच्या पुढचे ताट ओढून घेतले तर त्याला एकादशीचे पुण्य लागते काय? त्याचप्रमाणे दोन मुक्या जिवांना एकमेकांपासून ओढून वेगळे करणे ही त्यांची आसक्तीतून सुटका नव्हे. त्यांना सुटकेचा विचार नाही, विवेक नाही, देवाचे नाव घेऊन दुःख सोसण्याची सोय नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो नुसता विरह. आपल्याला सोडायची ती आपली आसक्ती; दुसऱ्याच्या मायेवर आपला वैराग्याचा सोटा चालविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येथवर कोणी सहज मान डोलावील. खरी अडचण यापुढे आहे.

मळेकऱ्याचे घर आज हाती आहे. दोघांना एकत्र घेणारे घर अजून कोठे दिसत नाही. ते महिन्याने मिळेल, वर्षाने मिळेल, कदाचित मिळणारही नाही. रस्त्यावर तोवर मोटार आहे, ऊन आहे, पाऊस आहे, धोंडा मारणारी मुले आहेत. दोघांची जोडी राखण्याच्या नादात दोन्ही जिवांचे नुकसान झाले तर ते पाप कोणाच्या माथी? व्यवहारी माणूस म्हणतो, दोन बुडत असतील आणि नावेत एकापुरतीच जागा असेल, तर एकाला तरी वाचवा. हे म्हणणे निर्दयपणाचे नाही. त्यातही दयाच आहे. म्हणूनच येथे निर्णय कठीण होतो. एका बाजूला दया आणि दुसऱ्या बाजूला क्रौर्य असते तर पत्र लिहिण्याची गरजच पडली नसती.

असा पेच आला की महाभारतातल्या धर्मराजाची आठवण होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ पडले, द्रौपदी पडली, शेवटपर्यंत एक कुत्रे तेवढे मागे येत राहिले. इंद्र रथ घेऊन आला, पण कुत्र्याला रथात जागा नाही म्हणाला. ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्याकडे एकदा पाहावे. दोघे वाटचाल करीत आले आहेत. त्यांतल्या एकाला उत्तम घर मिळत आहे. स्वर्गापरते उत्तम घर कोणते? अट एकच, सोबत्याला दाराबाहेर ठेवावे. धर्मराजाने त्या घराला नकार दिला. शरण आलेल्याला आणि सोबत चाललेल्याला टाकून मिळणारे सुख त्याला नको होते.

परंतु या कथेवरून घाईने निकाल काढू नये. धर्मराजाने नाकारला तो स्वतःचा स्वर्ग. आपण नाकारणार ते कुत्र्याचे घर. स्वतःचे सुख सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे सुख त्याच्या वतीने सोडून देऊन आपण धर्मराज झालो असे मानणे, ही फार स्वस्तातली थोरवी झाली. त्या तरुण कुत्र्याला बोलता आले असते तर त्याने काय सांगितले असते, ते आपण त्याच्या वागण्यावरून ताडू शकतो. पण ताडणे म्हणजे ऐकणे नव्हे. म्हणून केवळ "जोडी तोडायची नाही" असा हट्ट धरून मळेकऱ्याला परत पाठविणे, हेही मला बरोबर वाटत नाही.

मग काय करावे? येथे नामदेवरायांची कथा उपयोगी पडते. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. कुत्र्याला कोरडी भाकरी खावी लागू नये, एवढीच त्यांची तळमळ. आपण या कथेतले प्रेम पाहतो आणि डोळे पुसतो. पण तिच्यात व्यवहारही आहे. नामदेवराय भाकरी काढून घेण्यासाठी धावले नाहीत. "कोरडी आहे, तर खाऊच नको," असे ते म्हणाले नाहीत. आणि "भाकरी तर मिळाली ना, झाले," म्हणून स्वस्थ बसलेही नाहीत. जे उणे होते ते घेऊन ते मागे धावले.

मळेकऱ्याचे घर ही भाकरी आहे. सोबत्याविना ती कोरडी आहे. ती हिसकावून घेऊ नये, तशीच कोरडी राहूही देऊ नये. उणे काय आहे ते पाहावे आणि ते घेऊन मळेकऱ्याच्या मागे धावावे. आता उणे काय आहे? मळेकरी म्हातारीला नको म्हणतो ते दुष्टपणाने नव्हे. त्याला तीन गोष्टींची धास्ती आहे. ती राखण करणार नाही, म्हणजे फुकटचे खाणार. आंधळी आहे, म्हणजे मळ्यातल्या विहिरीत पडेल, बैलाच्या पायाखाली येईल. आणि म्हातारी आहे, म्हणजे दुखणीबाणी काढावी लागतील, औषधाला पैसे पडतील. या तिन्ही धास्ती खऱ्या आहेत. नुसता उपदेश करून त्या जाणार नाहीत. पण गावाने मनावर घेतले तर तिन्ही दूर होण्याजोग्या आहेत.

परदेशातले एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये श्रुसबरी शहराजवळ डॉग्ज ट्रस्ट या संस्थेचे एक निवारागृह आहे. २०११ साली तेथे ग्रेट डेन जातीच्या दोन कुत्र्या आल्या. आपल्याकडच्या वासराएवढी मोठी ही जात. एकीचे नाव लिली, दुसरीचे मॅडिसन. लिलीच्या डोळ्यांना लहानपणी असा विकार झाला की दोन्ही डोळे काढावे लागले. तेव्हापासून मॅडिसन तिची वाटाडी झाली. मॅडिसनच्या अंगाला अंग लावून लिली चालत असे. धन्याला दोघींचे करणे जमेना, म्हणून त्या निवारागृहात आल्या. तेथील लोकांपुढेही हाच पेच होता. एवढ्या मोठ्या दोन कुत्र्या, वय झालेले, त्यांत एक आंधळी. एकत्र कोण नेणार? त्यांनी जोडी न तोडण्याचे ठरविले. पण ठरवून हात जोडून बसले नाहीत. दोघींची हकीकत त्यांनी वर्तमानपत्रांतून जगापुढे मांडली, काहीही न लपविता मांडली. देशोदेशीच्या लोकांनी विचारणा केली, आणि काही महिन्यांच्या आत दोघींना एकाच घरी आसरा मिळाला.

यात शिकण्यासारखे काय? दोघींना घर मिळाले ते त्यांच्यातले वैगुण्य झाकून नव्हे. लोकांना आंधळीचे आंधळेपण सांगितले आणि दुसरीचे सांभाळणेही सांगितले. अनेकदा आपणच आधी ठरवून टाकतो की, दोघांना कोण घेणार! आणि म्हणून विचारीतच नाही. न विचारता "कोणी घेत नाही" म्हणणे, हा आळसाचा निकाल झाला.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन कुत्री एकत्र दिसली म्हणजे प्रत्येक वेळी ती जिवाभावाची जोडी असतेच असे नाही. कधी एकाच उकिरड्यावर पोट भरण्यापुरती ती एकत्र असतात. कधी एक दुसऱ्याला दाबून असते. त्याला खाऊ देत नाही, माणसाजवळ येऊ देत नाही, आणि दुबळे बिचारे भीतीने त्याच्या मागे मागे फिरते. लांबून पाहणाऱ्याला ती माया वाटते. अशा ठिकाणी वेगळे करणे हाच धर्म. एकाला संसर्गाचा रोग असेल तर बरे होईपर्यंत वेगळे ठेवलेच पाहिजे. आणि एकाच वेताची दोन पिले एकत्र वाढविली तर कधी कधी ती माणसाला लळा लावीत नाहीत, एकमेकांवाचून घाबरी होतात; तेव्हा ती मुद्दाम दोन घरी देणे बरे, असे कुत्र्यांना वळण लावणारे पुष्कळ जाणकार सांगतात.

माणसाच्या लेकरांविषयी जगाने काय ठरविले आहे ते पाहिले म्हणजे हा तोल समजतो. निराधार मुलांच्या सांभाळाविषयी संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत असे आहे की, ज्या भावंडांत जिव्हाळा आहे त्यांची सांभाळासाठी ताटातूट करू नये. मात्र एकापासून दुसऱ्याला छळाचा धोका असेल, किंवा मुलाच्याच हिताचे तसेच काही कारण असेल, तर गोष्ट निराळी. कुत्रे म्हणजे मूल नव्हे, हे मला कळते. पण नियमाची घडण पाहा. एकत्र ठेवणे हा नियम, वेगळे करणे हा अपवाद. आणि अपवादाचे कारण त्या जिवाच्या हिताचे हवे, आपल्या सोयीचे नव्हे. माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली हीच. वेगळे करण्याचे कारण मनात आले की स्वतःला विचारावे, हे कारण त्यांचे की माझे?

कोणी म्हणेल, अहो, गावात माणसांना घर नाही, कुत्री चावून पोरे मरतात, आणि तुम्ही जोडीच्या गोष्टी सांगता! हा राग समजण्यासारखा आहे. रेबीजने जगात जेवढी माणसे मरतात त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश आपल्या देशात मरतात. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस वाचत नाही असेच समजावे. म्हणून कुत्रे चावले, नुसते ओरखडले तरी, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. चुना, मिरची, हळद यांपैकी काही भरू नये, अंगाऱ्याधुपाऱ्यात वेळ घालवू नये. भूतदया सांगणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे. कारण चावा बसलेले मूल हेही भूतच आहे. पण लस टोचलेले, नसबंदी केलेले, कोणाच्या तरी दाराशी बांधिलकीने राहिलेले कुत्रे गावाला जितके निर्धोक, तितके रस्त्यावरचे बेवारशी नव्हे. तेव्हा कुत्र्याला घर मिळवून देणे हे माणसाच्या विरुद्ध नाही. माणसाच्या हिताचेच आहे.

मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळींनी पुढाकार घेऊन मोठी दंगल झाली. पण लोक दंगल करून थांबले नाहीत. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आदी मंडळींनी तेथे पांजरपोळ काढली. "मारू नका" म्हणणाऱ्याने पुढे "आम्ही सांभाळतो" म्हटले, म्हणून त्या बोलण्याला वजन आले.

आजही तोच न्याय लागू आहे. जनावरांना उपासमार होईल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांसाठी २०२३ साली नवे नियम झाले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला त्यात, ज्यांना रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची असतील त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज करावा, आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्याची, असे म्हटले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांवरची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास व त्याच जागी परत न सोडण्यास सांगितले. म्हणजे पुष्कळ कुत्री उचलली जाणार, आणि उचलणाऱ्या गाडीला कोण कोणाचा सोबती हे कळत नाही. अशा वेळी गावातल्या ज्या माणसाला ती जोडी ठाऊक आहे त्याने पुढे होऊन सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?

आता पत्र लिहिणाऱ्या बंधूंसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, नवे घर शोधण्यापूर्वी जुने घर शोधा. २०२४ साली निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचा 'महाराज' नावाचा कुत्रा धन्याबरोबर पंढरपूरला पायी गेला आणि तेथे गर्दीत हरवला. धन्याने शोध शोध शोधले व तो जड मनाने परतला. काही दिवसांनी तो कुत्रा सुमारे अडीचशे किलोमीटर वाट तुडवून आपल्या दारात हजर झाला. गावाने त्याला हार घातला, जेवण घातले. तुमच्या दोघांपैकी एखाद्याचे, कदाचित दोघांचेही, कोठे तरी असे दार असेल. गावावरून गेलेल्या दिंड्यांच्या चालकांना दूरध्वनी करा, दोघांची छायाचित्रे धाडा, पंधरा दिवस वाट पाहा.

दुसरी, ती खरोखर जोडी आहे काय ते पारखा. एक रात्र दोघांना वेगळे, एकमेकांच्या आवाजाच्या पलीकडे बांधा. दोघे जेवतात काय, निजतात काय, पुन्हा भेटल्यावर कशी वागतात, हे पाहा. थोडा वेळ कुईंकुईं करून दोघे निवांत झाली तर गोष्ट निराळी. एकाने अन्न टाकले, म्हातारी भिंतीवर आदळत फिरली, तर उत्तर मिळाले.

तिसरी, दोघांना जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. डोळ्यातले सगळेच फूल न बरे होणारे असते असे नाही. रेबीजची लस टोचून घ्या, जंताचे औषध द्या, आणि नसबंदी करून घ्या. म्हातारीला भूल सोसेल की नाही ते डॉक्टर सांगतील. नाही तर कुत्र्याची तरी करा. कुत्रीला सुमारे त्रेसष्ट दिवसांत पिले होतात. दोघांचे घर शोधता शोधता आठांचे शोधावे लागेल.

चौथी, मग मळेकऱ्याकडे जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. गावात मूठमूठ धान्य गोळा करून आपण सप्ताह करतो. त्यातलीच एक मूठ या म्हातारीची ठेवा. तिच्या भाकरीचे व औषधाचे गाव पाहील, जागा तेवढी तू दे, असे त्याला सांगा. चार पोरे घेऊन जा आणि विहिरीला काटेरी कुंपण घालून द्या. तरुण कुत्र्याच्या गळ्यात एक घुंगरू बांधा, म्हणजे त्या आवाजावर ती चालेल. पाण्याचे भांडे रोज एकाच जागी ठेवायला सांगा. आंधळे जनावर वासाने आणि सवयीने घर ओळखते, आठ-पंधरा दिवसांत अंगण पाठ करते. प्रसादाचा शिरा प्रेमाने घालाल, तर त्यातले बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. कांदा आणि चॉकलेट तसेच. भाकरी, भात, दूध-ताक सोसेल तेवढे द्यावे. आणि एक महिन्याची बोली करा. नाही जमले तर दोघांना परत आणू, तुझ्यावर बोल नाही, असे शब्द द्या. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. कोणाच्या गळ्यात बळे घातलेले जनावर पुन्हा रस्त्यावरच येते.

एवढे करूनही मळेकरी नाहीच म्हणाला तर? तर दुसरे घर विचारा. त्याच्या बांधाला बांध असलेला शेजारी म्हातारीला घेईल काय ते पाहा. कुंपण एक असले आणि रोज गाठ पडत असली तर ती ताटातूट नव्हे. तेही न जमले, तर धर्मशाळेपाशीच दोघांना गावाची म्हणून सांभाळा. म्हातारीला आता थोडे दिवस आहेत. ती गेल्यावर तो तरुण कुत्रा मळ्यावर जाऊ शकेल. मळा कोठे पळून जात नाही. पण तिला आज त्याच्यावाचून सोडले तर तिला दुसरा डोळा मिळायचा नाही.

आणि रस्त्यावर दोघांचाही जीव जाईल अशी वेळ आली, सगळे दरवाजे ठोठावून झाले, तर एकाला वाचवावे. त्यात अधर्म नाही. मात्र तेव्हा त्याला कल्याण म्हणून मिरवू नये. जे आपल्याच्याने झाले नाही त्याचे दुःख मनात ठेवावे, आणि मागे राहिलेल्या जिवाकडे रोज एकदा तरी जाऊन बसावे. नाइलाजाने केलेल्या गोष्टीला आपण पुण्याचे नाव देऊ लागलो, की पुढच्या वेळी इलाज शोधण्याची बुद्धीच होत नाही.

गावच्या जाणत्यांना आमचा दंडवत सांगा. माया तुटायचीच, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. काळ ती तोडील, मृत्यू तोडील. तो त्यांचा अधिकार. ते काम आपण आपल्या हाताने, आपल्या सोयीसाठी आगाऊ करण्याचे कारण नाही. पसायदानात ज्ञानोबारायांनी जीवांच्या परस्पर मैत्रीचे मागणे मागितले. धर्मशाळेच्या ओट्यावर दोन मुक्या जिवांत ते मागणे न मागता फळाला आले आहे. आपल्याला ते घडवायचे नाही. मोडू नये, एवढेच आपल्याकडे आले आहे. मळेकऱ्याकडे कधी निघता ते कळवा.